जुन्या गाडीच्या चाकातून येणारा आवाज : कारण कसे शोधले जाते

वेगाबरोबर वाढणारा आणि वेगाबरोबर मंदावणारा आवाज करीत जुनी गाडी आमच्या गॅरेजमध्ये येते, तेव्हा बेअरिंग (चाक सहज फिरू देणारा, आत गोळ्या किंवा रोलर असलेला भाग) गेले आहे हे मालकांनी बहुधा आधीच ठरवलेले असते. पुष्कळदा ते खरेही निघते. परंतु अगदी तशीच घरघर वेड्यावाकड्या झिजलेल्या टायरचीही येते, आणि नवे बेअरिंग बसवूनही आवाज जसाच्या तसा राहिला तर खर्च वाया जातो व खरा दोष गाडीतच राहतो. म्हणून कारण पक्के झाल्याखेरीज कोणताही भाग बदलायचा नाही, हा आमच्या कामाचा नियम आहे. ही तपासणी कशी चालते आणि तिच्यात आपल्या निरीक्षणाचा उपयोग कोठे होतो, हे या पत्रकात सांगितले आहे.

आवाज चाकाकडचा की इंजिनाकडचा

पहिली चाचणी रस्त्यावरच होते. मोकळ्या, सरळ रस्त्यावर आवाज स्वच्छ ऐकू येईल इतका वेग धरून हाताने गियर बदलण्याची गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये घ्यावी. इंजिनाचे फेरे उतरले तरी आवाज तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबरच हळूहळू उतरत गेला, तर इंजिन आणि क्लच बाजूला पडतात. संशय टायर, बेअरिंग, ब्रेक, एक्सल आणि मागची चाके ओढणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची शक्ती मागे नेणारा लांब दांडा) व डिफरन्शियल (ती शक्ती दोन्ही चाकांत वाटणारी दातेरी चाकांची पेटी) यांच्यावर येतो. ही चाचणी करताना इंजिन मात्र कधीही बंद करू नये, कारण त्याबरोबर पॉवर स्टिअरिंगचे आणि ब्रेक बूस्टरचे साहाय्यही जाते. अॅक्सिलरेटर दाबला की एक सूर आणि सोडला की दुसरा, असे होत असेल तर डिफरन्शियल आधी पाहावे लागते, कारण त्यातील दातांवरचा भार त्या क्षणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो.

यानंतर आवाज मोजावा, असे आम्ही आवर्जून सुचवतो. साध्या मोटारीच्या टायरचा घेर दोन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी २० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे तीन फेरे घेते. त्या वेगाला ‘थप, थप’ किंवा ‘खस, खस’ असा आवाज सेकंदाला तीनदा येत असेल, तर तो फेऱ्याला एकदाच होणारा आवाज आहे : टायरला आलेला फुगा, नक्षीत अडकलेला खडा, वाकडी डिस्क किंवा एकाच जागी घासणारा ड्रम. त्याच वेगाला बारीक चिवचिव त्याच्या तिप्पट-चौपट घाईने ऐकू येत असेल, तर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमधील (टोकाच्या सांध्यातील) ग्रीस संपले असण्याची शक्यता मोठी, कारण डिफरन्शियलमधील दातांच्या प्रमाणामुळे तो शाफ्ट चाकापेक्षा तितक्या पटीने फिरतो. मोजताच येणार नाही अशी अखंड घरघर मात्र बेअरिंगची किंवा टायरची असते. या दोघांना वेगळे करणे हेच सर्वांत नाजूक काम आहे.

टायर आणि बेअरिंग यांतील फरक

टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. खरखरीत रस्त्यावरून गुळगुळीत डांबरावर आल्याबरोबर घरघर कमी झाली किंवा तिचा सूर पालटला, तर टायरकडे वळावे; बेअरिंगला रस्त्याच्या पोताने फारसा फरक पडत नाही. गाडी उभी असताना टायरच्या नक्षीवरून तळहात आधी एका दिशेने आणि मग उलट फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखे लागले, तर चाकांचे अलाइनमेंट (दिशा व कल) बिघडलेले असते. ठिकठिकाणी उथळ खळगे लागले, तर शॉक अॅब्सॉर्बर थकले आहेत का, हे पाहावे लागते, आणि ते न पाहता केवळ टायर बदलले तर नव्या टायरवरही तसेच खळगे पडतात. कमी वापरलेल्या जुन्या गाडीत नक्षी शाबूत दिसूनही रबर कडक झालेले असते. टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. तेथे २३१८ लिहिले असेल, तर तो टायर २०१८ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला आहे. संशय टायरवर असेल तर आम्ही पुढचे टायर त्याच बाजूला मागे आणि मागचे पुढे घालून गाडी चालवून पाहतो. आवाज टायरबरोबर जागा बदलून गेला, तर बेअरिंग खोलण्याची गरजच उरत नाही.

बेअरिंग त्यावरील भाराप्रमाणे बोलते. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर येते, आणि डावे बेअरिंग खराब असेल तर घरघर त्या क्षणी वाढते. डावीकडे वळताना ती कमी होते. हा नियम उपयोगी असला तरी पुरावा नव्हे, कारण दुहेरी रांगेच्या काही बेअरिंगमध्ये भार कमी झाल्यावरच आवाज चढतो. शिवाय आवाज गाडीच्या सांगाड्यातून दूरवर जातो आणि मागच्या चाकाची घरघर चालकाला पुढून आल्यासारखी वाटू शकते. कानाने कोपरा सांगणे आम्हीही टाळतो.

म्हणून गाडी उचलून प्रत्येक चाक वेगळे तपासले जाते. एका हाताने चाक फिरवून दुसरा हात त्याच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवला, की खराब बेअरिंगची बारीक थरथर बोटांना स्पष्ट कळते. टायरचा दोष येथे जाणवत नाही, कारण चाक जमिनीला टेकलेलेच नसते. मग चाक वर-खाली धरून हलवले जाते. प्ले (ढिलाई) आढळला, तर एकाने ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्याने पुन्हा हलवावे : ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगमध्ये आहे, तसाच राहिला तर बॉल जॉइंटमध्ये किंवा किंगपिनमध्ये (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळते त्या सांध्यांत). डावी-उजवीकडची ढिलाई बहुधा स्टिअरिंगच्या टाय रॉडकडे (वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याकडे) बोट दाखवते. घरी ही तपासणी करणाऱ्यांनी गाडी केवळ जॅकवर कधीही ठेवू नये. स्टँड लावावा आणि जमिनीवरच्या चाकांना आडकाठी घालावी.

पुष्कळ जुन्या गाड्यांत पुढच्या हबमध्ये (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागात) शंकूच्या आकाराचे रोलर असलेली दोन बेअरिंग असतात आणि त्यांचा ताण एका नटाने जुळवता येतो. अशा हबमध्ये नुसती ढिलाई असेल आणि रोलर चकचकीत असतील, तर धुऊन, ताजे ग्रीस भरून, नवे ऑइल सील व नवी स्प्लिट पिन घालून तेच बेअरिंग पुढे चालते, आणि आम्ही तेच सुचवतो. रोलर ज्या कड्यावर धावतात तेथे नखाला अडकणारे खड्डे दिसले किंवा उष्णतेने निळसर झाक आलेली असली, तर बेअरिंग कड्यासह बदलावे लागते. जुन्या कड्यात नवे रोलर बसवणे चुकीचे आहे. नट फार आवळला तर बेअरिंग तापून जळते, म्हणून चाक फिरवत फिरवत नट आवळून, पुन्हा सैल करून, त्या गाडीच्या मापाप्रमाणे तो जुळवणे हे घाईचे काम नव्हे.

ब्रेक दाबताच आवाज बदलला किंवा थांबला, तर ब्रेकच पाहावा. पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी पुढे घेताना कटकट येणे हे बाहेरच्या सीव्ही जॉइंटचे (एक्सलच्या चाकाकडील वळत्या सांध्याचे) लक्षण असून, त्याचा रबरी बूट (आवरण) बहुधा फाटलेला आढळतो.

आपल्याकडून काय हवे

गाडी आणताना आवाज कोणत्या वेगाला सुरू होतो, कोणत्या वळणावर वाढतो, ब्रेकने बदलतो का, अलीकडे टायर किंवा ब्रेकचे काम झाले का, आणि गाडी खोल पाण्यातून गेली होती का, एवढे लिहून आणावे. सील जुने असेल तर पाणी आत शिरते, ग्रीस बिघडते आणि घरघर पुष्कळ दिवसांनी सुरू होते, त्यामुळे ही जुनी घटना आम्हाला फार मोलाची असते. रस्त्यावरील चाचणीच्या वेळी आपण सोबत बसावे, कारण आपल्याला खटकणारा आवाज आणि आम्हाला ऐकू येणारा आवाज एकच आहे, याची खात्री तेथेच होते.

चाक हाताने हलत असेल, एकच हब इतरांपेक्षा खूप तापत असेल, टायरला फुगा आला असेल किंवा घरघरीचे रूपांतर खडखडाटात झाले असेल, तर गाडी चालवत आणू नये. ती उचलून आणण्याची व्यवस्था करावी. चाक नुकतेच बदलल्यानंतर ठोके येऊ लागले, तर गाडी तेथेच थांबवून आधी नट तपासावेत. आम्ही चाक काढून बसवले असेल, तर ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासून घेण्यासाठी गाडी आणावी. काढलेला जुना भाग आपल्याला दाखवला जातो, आणि मागितल्यास दिलाही जातो.