रोटरी इंजिनाचे ऑइल चेंबर: ऑर्डर देण्यापूर्वी वाचा

माझदाचे १३बी हे रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरणारे रोटर असलेले) आरएक्स-७ गाडीतून उतरवून घरी बांधलेल्या विमानात बसवायला घेतले, की पहिली अडचण खालच्या बाजूला येते. गाडीचे मूळ ऑइल संप, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे, आपल्या गॅरेजच्या भाषेत चेंबर, काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) मावत नाही. मावलेच तर इंजिन माउंटच्या आड येते. मग ग्राहक आमच्या वर्कशॉपला मापे पाठवून म्हणतात, ‘एवढ्या उंचीत बसवून द्या.’ उंची आम्ही पाळतोच. पण आमचा पहिला प्रश्न असतो: पंखा (प्रोपेलर) पुढे की मागे?

गाडीत ऑइल पंप इंजिनाच्या पुढच्या टोकाला असतो आणि तेल ओढणारी पिकअप नळीही त्याच बाजूला उतरते. विमानात इंजिनाचे फेरे कमी करणारा रिडक्शन गिअरबॉक्स फ्लायव्हीलच्या, म्हणजे विरुद्ध टोकाला लागतो, त्यावर पंखा. आरव्ही-६ सारख्या पुढे पंखा असलेल्या विमानात त्यामुळे पंपाचे टोक फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे), म्हणजे मागे येते. नाक वर करून चढताना तेलही मागे, पिकअपकडेच जाते. उत्तम. कोझी किंवा लाँग-ईझीत पंखा मागे, म्हणून पंपाचे टोक नाकाच्या दिशेला. तिथे चढताना तेल पिकअपपासून लांब पळते, आणि तेही इंजिन पूर्ण ताकद लावत असताना.

चेंबर आतून ४०० मिमी लांब आणि नाक १५ अंश वर असेल, तर दोन टोकांच्या तेलपातळीत सुमारे १०७ मिमी फरक पडतो. उथळ चेंबरची अख्खी खोलीसुद्धा एवढी नसते! म्हणून मागे पंखा असेल तर आम्ही नळी लांबवून पिकअप मागच्या खोलगट भागात नेतो. नळीचा व्यास कमी करत नाही, वळणे कमीत कमी ठेवतो. ओढणाऱ्या बाजूचा सांधा सैल असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही, आत मात्र हवा शिरते.

आणि रोटरीला तेलात हवा परवडत नाही. तेल इथे नुसते वंगण नाही. शाफ्टमधल्या जेटमधून ते रोटरच्या पोटात फवारले जाते आणि इंजिनाच्या कूलिंगमधली साधारण एकतृतीयांश उष्णता वाहून नेते. तिथून घुसळून, फेसाळून खाली येते. ते थेट पिकअपवर पडू नये म्हणून आम्ही आत तिरकी, भोके पाडलेली पत्रा-ताटली बसवतो. तीवरून पसरत जाताना तेल हवा सोडते.

रेसिंगच्या चेंबरची नक्कल करून द्या, असा आग्रह काही जण धरतात. गाडीत वळणावर तेल बाजूला फेकले जाते, त्यासाठी त्यात झडपा असतात. विमान नीट कललेले असेल तर वळणातही तेल तळाशीच राहते. झडपांवर पैसे घालू नका. उलटे उडायचे असेल तर मात्र आमचे चेंबर उपयोगाचे नाही, तेल वेगळ्या टाकीत ठेवणारा ड्राय संपच लागेल.

गळतीचे मूळ बहुधा फ्लँजमध्ये, म्हणजे चेंबर इंजिनाला बोल्टने बसतो त्या सपाट काठात असते. तो इंजिनाच्या पाच हाउसिंग (एकापुढे एक जोडलेले कवचाचे भाग) आणि पुढच्या कव्हरच्या सांध्यांवरून जातो. त्यातली तीन हाउसिंग बिडाची, दोन ॲल्युमिनियमची, गरम झाल्यावर फुगणार वेगवेगळी. म्हणून आम्ही फ्लँज १० मिमी जाड घेतो आणि वेल्डिंगनंतरच त्याचे फेसिंग करतो, म्हणजे मशीनवर तो सपाट करतो. आधी केलेले फेसिंग अर्गॉन वेल्डिंगच्या उष्णतेने वाकडे होते. मग वेल्डच्या बाहेरून खडू फासून आतून रॉकेल लावतो आणि जॉब रात्रभर तसाच ठेवतो. सकाळी खडूवर डाग दिसला तर तो जॉब परत टेबलावर.

शेपटीला चाक असलेल्या विमानासाठी डिपस्टिकच्या खुणा वेगळ्या लागतात, कारण जमिनीवर ते नाक वर करून उभे असते. ऑर्डरसोबत तो कोन कळवा. इंजिन कोणत्या सालचे, गिअरबॉक्सचे तेल चेंबरमध्ये परत येते का, टर्बो आहे का, हेही लिहा; परतीच्या नळ्यांचे बॉस (नळी जोडायचे जाड तुकडे) आधीच वेल्ड करावे लागतात. एक्झॉस्ट पाइप चेंबरजवळून जात असेल तर फोटो पाठवा, उष्णतारोधक पत्र्यासाठी कान काढून देऊ. फिटिंगच्या वेळी नळी लांब वाटली तर ती परस्पर कापू नका. तळापासून ८ ते १० मिमी अंतर आम्ही मोजून ठेवलेले असते. आधी फोन करा.