यकृताची दारं आणि मामांचं टेन्शन

उदगीरचे माझे मामा परवा रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले. एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १७२. "टेन्शनच लई झालं रे अवंदा. सोयाबीन पाण्यात गेलं, पीकविम्याचा पत्ता न्हाई. टेन्शन गेलं की उतरंल आपोआप. गोळी एकदा लागली की सुटत न्हाई म्हणत्यात."

मामांच्या बोलण्यात तथ्य आहे. फ्रीडमन आणि रोझेनमन यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी हिशेबनिसांचं रक्त महिनोन् महिने तपासलं होतं. कर भरायची मुदत जवळ आली की त्यांचं कोलेस्टेरॉल चढायचं, मुदत सरली की उतरायचं. ताणात शरीर साठवलेली चरबी मोकळी करतं, ती यकृतात पोचते, यकृत तिचे कण बांधून रक्तात सोडतं आणि त्यातल्याच काहींचं पुढे एलडीएल होतं.

पण तीन वर्षांपूर्वी, पीक चांगलं आलं होतं तेव्हाही मामांचं एलडीएल १६० च्या वर होतं. ते का, हे समजायला यकृताच्या दारांकडे जावं लागतं. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारी प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. हीच ती दारं. कण चिकटला की पेशीचा पडदा तिथे आत वळतो आणि कणासकट एक पिशवी आत जाते. पिशवीत आम्लता वाढते, रिसेप्टर कण सोडून देतो आणि पुन्हा पृष्ठभागावर येतो. एका फेरीला साधारण दहा मिनिटं. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना याच शोधासाठी १९८५ चं नोबेल मिळालं. पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसं असलं की ती दारं कमी करते. तुटवडा झाला की एसआरईबीपी नावाचं प्रथिन पेशीतल्याच गॉल्जी पिंड नावाच्या भागात जातं, तिथे कापलं जातं, त्याचा तुकडा केंद्रकात शिरतो आणि रिसेप्टरचं जनुक जोरात चालू करतो.

स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी हा तुटवडाच घडवते. पेशीचं स्वतःचं कोलेस्टेरॉल ज्या एन्झाइममुळे तयार होतं, तेच ती अडवते. जपानच्या अकिरा एंडो यांनी सुमारे ६,००० बुरशा तपासून असं पहिलं द्रव्य १९७० च्या दशकात शोधलं. म्हणजे ही गोळी चरबी विरघळवत नाही, यकृताला जास्त दारं उघडायला लावते. बंद केली की काही आठवड्यांत दारं पूर्ववत होतात आणि आकडा परत चढतो. याला व्यसन म्हणत नाहीत.

मोबाइलवर फिरणारा 'नसा साफ करणारा काढा' यातलं काहीही करतो असा पुरावा नाही. तेलाच्या पुड्यावरचं 'कोलेस्टेरॉल-फ्री'ही तसंच फसवं. आपल्या करडईच्या तेलात ते कधी नव्हतंच, कारण वनस्पतींत ते जवळपास नसतं.

मग गोळी घ्यायची का? एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टर सहसा थांबत नाहीत. त्याखाली वय, बीपी, तंबाखू, घरातला हृदयविकार हे सगळं मिळून ठरतं. चाळिशीपुढे मधुमेह असेल तर आकडा बेताचा असला तरी गोळी सुचवतात. मामा ५६ चे, शुगर आहे, तंबाखू सुटलेली नाही. आजोबा पन्नाशीतच हार्ट अटॅकनं गेले.

"म्हणजे टेन्शनचा दोष न्हाई म्हणतोस?"

"थोडा आहे, मामा. पण तेवढ्यावर थांबता येणार नाही."

थायरॉइड मंद असला तरी एलडीएल चढतं, म्हणून ती तपासणी आधी करून घेतली. ती ठीक आली. सोमवारी डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं.