चित्रविनिमय संवादपद्धती

चित्रविनिमय संवादपद्धती : हव्या असलेल्या वस्तूचे चित्र दुसऱ्याच्या हातात देऊन ती वस्तू मागण्याची, न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांना शिकवली जाणारी रीत. इंग्रजी आद्याक्षरांवरून थेरपिस्ट आणि पालक तिला ‘पेक्स’ म्हणतात. स्वमग्न मुलांपैकी अंदाजे २५ ते ३० टक्के मुले शाळेत जाण्याच्या वयातही कामापुरते बोलत नाहीत. पद्धत मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. आरंभापूर्वी कानांची तपासणी (बेरा) झालेली असावी.

उगम : पाटीवरच्या चिन्हावर बोट ठेवून सांगण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेतील एफ. हॉल रो यांची शब्दाक्षरांची पाटी १९२० च्या सुमारास वापरात आली असे मानतात. चार्ल्स ब्लिस यांची चिन्हलिपी १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९७१ पासून टोरांटोत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी वापरली जाऊ लागली. चित्रविनिमय हा या पाट्यांचाच पुढचा टप्पा समजता येतो. मात्र अँडी बाँडी व लॉरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये डेलावेअर येथे मांडलेली पद्धत स्वतंत्र मानणे अधिक सयुक्तिक दिसते. पाटीवर बोट ठेवणारे मूल समोर कोणी पाहत आहे की नाही याची दखल न घेताही बोट ठेवू शकते. चित्र द्यायचे तर घेणारा माणूस गाठावाच लागतो. पद्धतीचे मर्म चित्रात नसून या देण्यात आहे. सहा टप्प्यांचा क्रमही त्यावरूनच ठरला आहे.

पहिला टप्पा : पाचसहा वस्तू मांडून मूल पुन्हापुन्हा कशाला हात घालते ते आधी पाहतात. मग दोन मोठी माणसे लागतात. एक जण समोर वस्तू धरून बसतो, दुसरा मुलाच्या मागे. मुलाने वस्तूकडे हात नेला की मागचा माणूस तोच हात चित्राकडे वळवतो, चित्र उचलवतो आणि समोरच्या उघड्या तळव्यावर सोडवतो. समोरचा तत्क्षणी वस्तू देतो आणि तेव्हाच तिचे नाव घेतो. मागचा माणूस पूर्ण वेळ गप्प राहतो. त्याची मदत शेवटाकडून कमी करत नेतात : आधी सोडणे मुलावर सोपवतात, नंतर उचलणे. घास लहान हवा. पावाचा नखाएवढा तुकडा दिला तर दहा मिनिटांत वीसेक वेळा मागण्याची संधी मिळते, आख्खा पाव दिला तर एकदाच.

सर्वांत जास्त बिघाड ‘काय हवंय?’ या प्रश्नाने होतो. मूल मग विचारल्यावरच मागायला शिकते. म्हणून हा प्रश्न पाचव्या टप्प्यापर्यंत राखून ठेवतात. तळवा फार लवकर पुढे केला तर तोच इशारा होऊन बसतो.

पुढील टप्पे : दुसऱ्यात अंतर वाढते, चित्रांची वही एका कोपऱ्यात, माणूस दुसऱ्या खोलीत. वही कपाटात वा दप्तरात राहिली की हा टप्पा फसतो. तिसऱ्यात निवड येते. आधी आवडती वस्तू आणि नको असलेली वस्तू अशी जोडी ठेवतात, नंतर दोन आवडत्या. दोन आवडत्या वस्तूंच्या वेळी मूल चित्र देते तेव्हा दोन्ही वस्तू पुढे करून ‘घे’ म्हणतात. चित्र एकीचे आणि हात दुसरीकडे, असे झाले तर चित्र ओळखलेले नाही. सहाव्यात मागण्यापलीकडचे बोलणे येते : पहाटे पोदेराचा (गोव्यात दारोदार पाव विकणाऱ्याचा) पोंपों वाजला की ‘ऐकू येतंय’ आणि ‘पोदेर’ या दोन चित्रांची पट्टी.

चौथ्या टप्प्यात चित्रे पट्टीवर ओळीने लावून वाक्य करतात. ही वाक्यरचना मराठीत अडते. मुळात ‘आय वाँट’ हे चित्र पट्टीवर आधी येते. मराठीत क्रियापद शेवटी असते, शिवाय लिंगाप्रमाणे बदलते : पाव हवा, पेज हवी, पाणी हवं. एकच ‘हवं’ सगळ्यांना चिकटवले की मोठ्या माणसांनी वाचून दाखवलेली वाक्ये चुकीची होतात. वस्तूच्या उजवीकडे ‘दे’ हे चित्र लावले (‘पाव दे’) तर अडचण उरत नाही. कोकणीतील ‘म्हाका पाव जाय’ मधला ‘जाय’ बदलत नाही. तेथे हा प्रश्नच नाही.

गोव्यातील वापर : घरात कोकणी, शेजारी वा शाळेत मराठी, थेरपीत इंग्रजी अशी गोव्यातील पुष्कळ मुलांची स्थिती असते. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे लांबते या समजुतीला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. चित्र तेच ठेवून घरातले माणूस ‘उदक’ म्हणो वा ‘पाणी’, चालते. शब्द मात्र फसवतात. मराठी घरात पोळी म्हणजे चपाती. पोदेराकडची पोळी म्हणजे कोंड्याचा पोकळ पाव. म्हणून रेखाचित्रापेक्षा, साध्या पार्श्वभूमीवर मोबाइलने काढलेला त्या घरातल्याच वस्तूचा फोटो बरा. चित्र साधारण ५ सेंटिमीटर चौरस पुरते. लॅमिनेशन करताना कागदाभोवती ३-४ मिलिमीटर प्लॅस्टिक सोडावे, नाहीतर पावसाळ्यात कडेने दमटपणा शिरून कागद फुगतो. चित्रे वहीत चिकटवणाऱ्या वेल्क्रोचा गोंदही त्याच दिवसांत सुटतो. प्रत्येक चित्राच्या दोन प्रती ठेवाव्यात.

परिणाम : इंग्लंडमधील ८४ मुलांच्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण प्रशिक्षणाच्या काळात वाढले, प्रशिक्षण थांबल्यावर ते टिकले नाही आणि बोलण्यात वाढ दिसली नाही. काही मुले पुढे बोलू लागतात. ते पद्धतीमुळेच, असे ठामपणे म्हणता येत नाही. चित्रांमुळे बोलणे अडते ही भीती मात्र निराधार ठरली आहे. मुलाचा हात किंवा कोपर धरून अक्षरे टंकवून घेण्याची रीत वेगळी. तेथे शब्द धरणाऱ्याचे असतात असे नियंत्रित चाचण्यांत दिसून आले आहे.

टॅब्लेटवरील बोलकी अॅपे हा पुढचा पर्याय. चेन्नईचे ‘आवाझ’ आणि आयआयटी मुंबईत तयार झालेले, मराठी असलेले ‘जेलो’ ही भारतीय उदाहरणे होत. स्वमग्नता राष्ट्रीय न्यास कायद्यात (१९९९) आणि दिव्यांग हक्क कायद्यातील (२०१६) २१ प्रकारांत समाविष्ट आहे.