जिवंत सामग्रीची कला

रंग वाळले की चित्र पूर्ण झाले, ही आपली समजूत जैवतंत्रज्ञानाच्या आधारे घडवलेल्या कलेला लागू पडत नाही, कारण तेथे कलावंताच्या हातातली सामग्रीच खाते, वाढते, बदलते आणि मरते. या प्रकाराला ‘जैवकला’ म्हणतात. कलाकृतीवरचा शेवटचा हात कलावंताचा नसतो, ही तिची खरी गोम आहे.

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग फावल्या वेळात जिवाणूंनी चित्रे काढत. वर्णहीन आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरावर, तारेच्या टोकाने जिवाणू पेरताना चित्र जवळजवळ दिसतच नसे. उबवणयंत्रात जिवाणूंच्या वसाहती, म्हणजे त्यांचे दाट पुंजके, वाढू लागल्या म्हणजे प्रत्येक प्रजाती आपापला रंग दाखवी. वाढीचा वेग प्रत्येकीचा निराळा असल्याने कोणती प्रजाती केव्हा पेरायची, याचा हिशेब आधीच मांडावा लागे. तो जमला तरी चित्राचे आयुष्य थोडेच, कारण शेजारच्या वसाहती लवकरच एकमेकींच्या हद्दीत घुसत आणि रेषा पुसट होत. पुढे 1936 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी स्वतः संकर करून वाढवलेली डेल्फिनियम या बागेतल्या झाडाची फुले कलाकृती म्हणून आठवडाभर मांडली.

जनुके हाताळता येऊ लागल्यावर या कलेला निराळे वळण लागले. 1999 साली एदुआर्दो काट्झ यांनी बायबलमधील, माणसाला इतर प्राण्यांवर अधिकार देणारे एक वाक्य प्रथम मोर्स लिपीत उतरवले आणि नंतर तिच्या टिंब-रेघांना व मधल्या मोकळ्या जागांना डीएनएची चार अक्षरे देऊन त्याचे एक कृत्रिम जनुक तयार करवले. हे जनुक बसवलेल्या जिवाणूंवर इंटरनेटवरून कोणालाही अतिनील किरणांचा दिवा लावता येत असे आणि त्या किरणांनी जनुकात उत्परिवर्तने, म्हणजे त्याच्या अक्षरांत बदल, घडत. प्रदर्शनानंतर जनुक वाचून पुन्हा भाषेत आणले, तेव्हा मूळ वाक्यातील अक्षरे बदललेली आढळली. मला ही कृती तिच्या नेमकेपणामुळे मोलाची वाटते, कारण तीत अधिकार सांगणाऱ्या वाक्याचे पुढे काय होते, हे वाक्यावरच करून दाखवले आहे.

ऑस्ट्रेलियात पर्थ येथे काम करणारे ओरॉन कॅट्स आणि आयोनाट झर यांनी ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र, हाती घेतले. विघटनशील बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) सांगाड्यावर जिवंत पेशी वाढवून त्यांनी बोटभर उंचीचे, शिवणरहित जाकीट घडवले आणि ‘बळीविना चामडे’ अशा अर्थाचे नाव त्याला दिले. नावातला उपरोध मुद्दाम ठेवलेला आहे. पेशींना लागणाऱ्या पोषक द्रवात वासराच्या गर्भाच्या रक्तापासून मिळवलेला सीरम असतो, हे त्या दोघांनीच वारंवार सांगितले आहे. 2008 साली हे जाकीट न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात मांडले असताना पेशी अपेक्षेपेक्षा झपाट्याने वाढल्या, बाही सुटू लागली, आणि अखेर पोषण तोडण्याचा निर्णय प्रदर्शनाच्या संयोजिका पाओला अँटोनेली यांना घ्यावा लागला. कलाकृती भिंतीवरून उतरवणे हे संग्रहालयाचे नेहमीचेच काम. येथे मात्र ती मारावी लागली.

जैवतंत्रज्ञान जुन्या कलेच्याही उपयोगी पडते, याची चर्चा त्या मानाने कमी होते. फ्लॉरेन्सच्या मेदिची चॅपेलमध्ये मायकेलअँजेलोच्या संगमरवरी शिल्पांवर बसलेले हट्टी डाग काढण्यासाठी संवर्धकांनी अलीकडे जिवाणूंचा वापर केला. गोंद, तेल किंवा फॉस्फेट असे नेमके पदार्थ खाणारे जिवाणू निवडून ते जेलमधून डागावर लावले की दगडाला धक्का न लावता मळ सुटतो; ही अचूकता रसायनांनी किंवा घासून साधणे कठीण आहे. निवडीचे निकष मात्र जैवकलेच्या नेमके उलट आहेत. हे जिवाणू रोगकारक नसावेत आणि बीजाणू (प्रतिकूल स्थितीतही टिकून पुन्हा वाढणारी रूपे) बनवणारे नसावेत, म्हणजे जेल काढून पृष्ठभाग पुसला की शिल्पावर जिवंत असे काही मागे उरत नाही.