खाणींच्या डंपांवरील वनस्पती-अनुक्रमण (गोवा)

लोहखनिजापर्यंत पोहोचण्यासाठी डोंगराचा सुपीक थर, त्याखालचा जांभा आणि मातकट खडक उपसून बाजूला टाकतात. एक टन खनिजामागे साधारण २.५ ते ३ टन टाकाऊ माल निघतो. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत त्याचे टेकडीएवढे ढीग आहेत. बोलीत त्यांना 'डंप' म्हणतात. या उघड्या मालावर वनस्पती टप्प्याटप्प्याने वस्ती करतात, ते हे अनुक्रमण.

कुमेरीसाठी (फिरत्या शेतीसाठी) तोडून जाळलेल्या रानात पहिल्या पावसातच किंजळ-कुंभ्याच्या बुंध्यांना फुटवे येतात, कारण मुळे आणि बी जमिनीत शाबूत असते. डंपावर यातले काहीच नसते. वाऱ्याबरोबर बी मुबलक येते, पण रुजून जगायला आधार मिळत नाही. सेंद्रिय द्रव्य आणि नत्र नगण्य, स्फुरद लोहाच्या ऑक्साइडांनी बांधून ठेवलेला, मुळांशी सहजीवन करणारी बुरशी तुरळक. त्यात तीव्र उतार. पावसाळ्यात पाण्याचे ओघळ रोपांसकट माती खाली नेतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये तोच उतार तापून कोरडा पडतो.

त्यामुळे सुरुवात सपाट टप्प्यांच्या कोपऱ्यात किंवा दगडाच्या आडोशाला होते. तिथे गाळ साचतो, ओल टिकते. नीलहरित शैवालाचा काळपट पापुद्रा धरतो आणि गवताचे ठोंब उभे राहतात. मागोमाग रानमोडी आणि घाणेरी. दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या, पण माती धरून ठेवतात हे मान्य करावे लागते. धायटी, कुडा यांचे हलके बी वाऱ्याने येते. चांदाड्यासारख्या झाडांचे बी पक्षी आणतात. त्यांना बसायला फांदी मिळाली की हा टप्पा वेग घेतो. जवळ जंगलाची कड असेल, तर अधिकच.

लागवडीत ऑस्ट्रेलियन अकेशियावर फार भर दिला गेला. ती नत्र स्थिर करते, लवकर वाढते आणि छायाचित्रात हिरवी दिसते. मात्र तिचा पाचोळा सावकाश कुजतो. त्या जाड थराखाली स्थानिक रोपे कमीच उगवतात. खरा उपाय खोदण्याआधीचा: वरची माती वेगळी काढून शक्य तितक्या लवकर पसरणे. वर्षानुवर्षे ढिगात पडून राहिल्यास तिच्यातले बी आणि बुरशी मरतात.

२०१२ मध्ये, आणि पुन्हा २०१८ मध्ये, खाणी थांबल्याने अनेक डंपांना उसंत मिळाली. पण पूर्वी टाकाऊ ठरलेल्या कमी प्रतीच्या खनिजालाही आता गिऱ्हाईक असते. जुना डंप उपसला, की त्यावरचे अनुक्रमण पुन्हा पहिल्यापासून.