पार्श्वभूमी : कापसातली ‘भेसळ’ आणि ‘संकर’

खानदेशात ‘बियाणं बिघडलं’ ही तक्रार दीडशे वर्षं जुनी आहे. अमेरिकी यादवीत (१८६१-६५) भाव चढले तशी आपल्या आखूड धाग्याच्या पऱ्हाटीशेजारी हिंगणघाटी (लांब धाग्याची देशी) आणि धारवाडी-अमेरिकन (धारवाडकडे रुळलेली अमेरिकन जात) सरकी आणून पेरली गेली. १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा झाला.

तेव्हापासून ‘भेसळ’ हा एकच शब्द दोन गोष्टींना चिकटला आहे. रेच्यापाशी, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रापाशी, दोन शेतांची सरकी एका ढिगात पडते, ती भेसळ. संकर फुलात होतो. हिंगणघाटी आणि आपली देशी पऱ्हाटी एकाच जातीतली, त्यामुळे मधमाशीने पराग नेला की बीज धरतं आणि पुढच्या प्रत्येक पिढीत गुणांची नव्याने फेरजुळणी होते; लांब धागा एका झाडात राहतो, दुसऱ्यात हरवतो. अमेरिकनचं तसं नाही. देशीत गुणसूत्रं २६, अमेरिकनमध्ये ५२. क्वचित बीज धरलंच तर झाड ३९ गुणसूत्रांचं येतं. त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि झाड वांझ राहतं. म्हणून अमेरिकन बिघडण्याचं खापर देशीवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. त्या ढिगाकडे आधी पाहायला हवं होतं.

या दोन टोकांच्या मधलं उदाहरण तापीच्या खालच्या अंगाला आहे. सुरत-भडोचकडची देशी कपाशी वेगळ्या जातीची, पण तिलाही २६च गुणसूत्रं. खानदेशी देशीशी तिचा संकर जोमदार होतो, बोंडं भरतात. दुसऱ्या पिढीत मात्र खुरटी, कमजोर झाडं निघतात. दोन्ही जाती वेगळ्या होताना गुणसूत्रांचे काही तुकडे जागा बदलून बसले, आणि बाकीच्या जनुकांचाही मेळ पूर्वीसारखा राहिला नाही. दार बंद होत आलंय, पण अजून फट आहे.

अमेरिकन कापूसही मुळात अशाच मीलनातून आला: दहा-वीस लाख वर्षांपूर्वी देशीच्या नात्यातला एक कापूस अमेरिका खंडातल्या रानकापसाशी जुळला आणि गुणसूत्रं दुप्पट झाली. १९३०च्या दशकाअखेरीस कॉल्चिसीन या वनस्पतिजन्य रसायनाने ही दुप्पट हाताने करता येऊ लागली. ३९ची ७८ झाली की वांझ झाड फळतं, आणि देशीचे गुण अमेरिकनमध्ये नेता येतात.

१९७० नंतर संकरित वाण आले, २००२ मध्ये बीटी, म्हणजे बोंडअळीविरुद्ध जिवाणूचं जनुक घातलेली अमेरिकन कपाशी. बीटीचं जनुक देशीत शिरेल ही धास्ती तेव्हा फार बोलली गेली. तिथे २६ आणि ५२चा अडसर आहे. शेजारच्या बांधावरच्या साध्या अमेरिकन वाणाला असा कुठलाच अडसर नाही, आणि त्याची सरकी घरी राखणाऱ्याला ते कुणी सांगितलं नाही.