परदेशी मिशन शाळेतली दोन वर्षं: या प्रथेची पार्श्वभूमी

पदवी हातात पडली की वर्ष-दोन वर्षांसाठी परदेशातल्या मिशन शाळेत शिकवायला जायचं. राहण्या-जेवणाची सोय तिथली संस्था करणार, तिकिटाचे आणि हातखर्चाचे पैसे आपल्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक वर्गणी काढून देणार, आणि वर्गात बहुतेक वेळा इंग्रजी शिकवावं लागणार. ख्रिस्ती तरुणांच्या स्वयंसेवेचा हा साचा आता इतका रुळला आहे की तो पूर्वापार असाच असावा असं वाटतं. प्रत्यक्षात मिशनच्या इतिहासातला बराच मोठा काळ ‘थोड्या दिवसांसाठी जाऊन येतो’ ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती. जाणारा कायमचा जायचा, आणि त्याची सुरुवातीची वर्षं तिथली भाषा शिकण्यातच सरायची.

बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग हा जर्मन तरुण १७०६ च्या जुलैत डेन्मार्कच्या राजाच्या वतीने तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला उतरला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. गावातल्या शाळेत पोरांच्या शेजारी बसून, वाळूत बोटाने गिरवत तो तमिळ अक्षरं शिकला. पुढच्याच वर्षी त्याने मुलींसाठी शाळा सुरू केली, काही वर्षांनी तमिळ नवा करार छापला, आणि १७१९ मध्ये तिथेच वारला. प्रॉटेस्टंट मिशनला शाळा हवी असायची याचं एक कारण सरळ आहे: शास्त्र प्रत्येकाने स्वतः वाचावं असा आग्रह असेल तर आधी प्रत्येकाला वाचता यायला हवं. दुसरं कारण जास्त व्यवहाराचं. उपदेशकाला ज्या दारातून आत घेत नसत, त्याच दारातून शिक्षकाला घेत. ईस्ट इंडिया कंपनीला १८१३ पर्यंत आपल्या मुलुखात मिशनरी नकोच होते. त्या वर्षी मुंबईत आलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकनांना परत पाठवण्याच्या हालचाली झाल्या होत्या. ते टिकले, आणि त्यांनी पाय रोवले ते शाळांच्या आधाराने.

शाळेमुळे आणखी एका वर्गाला वाट मिळाली. स्त्रियांना दीक्षा नव्हती, व्यासपीठ नव्हतं. मिशनरी म्हणून जायचं तर मिशनऱ्याची बायको होऊन. अविवाहित स्त्रीला जाण्यासारखं एकच काम होतं, शिकवण्याचं. जन्माने गुलाम असलेली बेट्सी स्टॉकटन १८२३ मध्ये हवाईला पोचली. ज्या मिशनरी कुटुंबासोबत ती गेली, त्याच्याशी झालेल्या करारनाम्यात ती अर्धी मिशनरी आणि अर्धी त्या कुटुंबाची मदतनीस होती. लाहैना इथे तिने सामान्य शेतकरी-कोळ्यांच्या मुलांना शिकवलं. यजमानीण आजारी पडल्यामुळे दोनेक वर्षांत तिला परतावं लागलं. तिच्यामागोमाग १८२७ मध्ये सिंथिया फरार मुंबईला आल्या, त्या मात्र कुणाच्या कुटुंबाला जोडून नव्हे, तर शिक्षिका म्हणूनच. पुढे त्या अहमदनगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच त्यांचा शेवट झाला. मधल्या पस्तीस वर्षांत त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या, त्याही मराठीतून. त्यांच्या नगरच्या शाळा पाहून आपल्याला पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, असं जोतीराव फुल्यांनी नोंदवून ठेवलं आहे. मिशनच्या अहवालांत बाप्तिस्मे मोजायची पद्धत होती. फरारबाईंच्या कामाचा सर्वांत दूरवर गेलेला परिणाम त्या मोजणीत कुठेच बसत नाही.

इझाबेला थोबर्न यांनी १८७० मध्ये लखनौच्या अमीनाबाद बाजारात सहा मुलींवर शाळा सुरू केली. तिचंच पुढे महाविद्यालय झालं. त्यांना पाठवणारी संस्था मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथातल्या स्त्रियांनी आदल्याच वर्षी बॉस्टनमध्ये स्थापली होती. शतक संपेपर्यंत अमेरिकन मिशनऱ्यांमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त झाली होती.

इथवर तरुणपण हा योगायोग होता. त्याची चळवळ बनली १८८६ च्या उन्हाळ्यात. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांनी भरवलेल्या विद्यार्थी शिबिरात शंभर तरुणांनी परदेशी मिशनसाठी जाण्याची तयारी जाहीर केली. त्यांना चेतवणाऱ्यांत पुढे होता रॉबर्ट वाइल्डर, कोल्हापुरात जन्मलेला आणि तिथल्या मिशनऱ्याचा मुलगा. दोन वर्षांनी स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट रीतसर उभी राहिली. जॉन मॉट तिचे अध्यक्ष झाले. ‘देवाची इच्छा असल्यास मी परदेशी मिशनरी होईन’ अशा अर्थाच्या प्रतिज्ञापत्रावर विद्यार्थी सही करत. याच पिढीत सगळ्या जगाला सुवार्ता पोचवायची, हे घोषवाक्य. पुढच्या काही दशकांत या चळवळीतून सुमारे २०,००० जण परदेशी गेले. घोषवाक्यातली घाई लक्षात घेण्यासारखी आहे, पण सही मात्र अजूनही जन्मभराच्या कामासाठीच होती.

मुदत घातली चीनमधल्या शाळांनी. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९०१ मध्ये चीनसाठी संस्था काढली आणि चांगशा शहरात शाळा सुरू केली. १९०९ पासून येलचे ताजे, अविवाहित पदवीधर तिथे ठरावीक मुदतीवर इंग्रजी शिकवायला जाऊ लागले; त्यांना ‘बॅचलर’ म्हणूनच ओळखलं जाई. ओहायोतल्या ओबर्लिन महाविद्यालयाची कहाणी जास्त गडद आहे. त्यांचे शांशी प्रांतातले लोक १९०० च्या परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावात मारले गेले होते. त्यांच्या स्मरणार्थ १९०८ मध्ये संस्था झाली, आणि काही वर्षांनी तीही ताइगू इथल्या शाळेत तरुण पदवीधर पाठवू लागली. आजचा साचा इथे पहिल्यांदा पूर्ण दिसतो: विशीतलं वय, दोनेक वर्षं, इंग्रजीचा तास.

माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. फरारबाई तिथल्या भाषेत शिकवत, कारण त्यांच्यापाशी आयुष्य होतं. दोन वर्षांसाठी येणाऱ्याला भाषा शिकायला सवड नाही. मग तो शिकवणार काय? जे तो घरूनच घेऊन आला आहे ते. मुदत आखडली आणि तिच्यासोबत विषयही ठरून गेला. चिनी विद्यार्थ्यांनाही नोकरी-शिक्षणासाठी इंग्रजी हवंच होतं, त्यामुळे सौदा दोन्हीकडून पटणारा होता.

त्याच सुमारास आतूनच टीका सुरू झाली. एडिनबराला भरलेल्या १९१० च्या जागतिक मिशनरी परिषदेत तमिळनाडूतले पाद्री व्ही. एस. अझरिया यांनी जमलेल्या मिशनरी नेत्यांना ऐकवलं की तुम्ही आपली मालमत्ता दिलीत, प्राणही दिलेत. आता आम्हाला मित्र द्या. सभागृहात अनेकांना ते झोंबलं. चीनमध्ये १९२२ पासून ख्रिस्तीविरोधी चळवळ पेटली, आणि १९२५ च्या सरकारी नियमांनी शाळेला नोंदणी हवी असेल तर धर्मशिक्षण सक्तीचं ठेवता येणार नाही असं ठरवलं. अमेरिकेत मिशनच्या कामाची पाहणी करणाऱ्या, विल्यम हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने १९३२ मध्ये म्हटलं की शिक्षण आणि वैद्यकीय सेवा स्वतःच्या गुणावर उभ्या राहाव्यात, धर्मांतराचं साधन म्हणून नव्हे. येलच्या संस्थेने दोनच वर्षांनी मिशनचं रूप सोडून दिलं. बॅचलर मात्र जातच राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर मुदतीची सेवा ही मुख्य वाट झाली. मेथडिस्ट मंडळीने १९४८ मध्ये ताज्या पदवीधरांना तीन वर्षांसाठी जपानला पाठवलं. योजनेचं नावच ‘जे-थ्री’. १९५८ मध्ये पोर्ट्‌स्मथचे बिशप लॉन्सेलॉट फ्लेमिंग यांनी ‘संडे टाइम्स’ला पत्र लिहिलं: ब्रिटनमधली सक्तीची लष्करी सेवा संपत आली आहे, तेव्हा शाळा सुटलेल्या मुलांनी विद्यापीठात जाण्याआधी एक वर्ष परदेशी सेवेत घालवावं. पत्रामागची कल्पना अ‍ॅलेक डिक्सन यांची होती. त्याच वर्षी व्हीएसओ (व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज) ही परदेशी स्वयंसेवक पाठवणारी संस्था सुरू झाली. पुढे धर्मनिरपेक्ष म्हणून ओळखल्या गेलेल्या या संस्थेची जाहिरात एका बिशपने केली, ही गंमत विसरली गेली आहे. न्यू यॉर्कच्या हार्लेममधले पाळक जेम्स रॉबिन्सन यांनी त्याच वर्षी आफ्रिकेत तरुण नेण्याचा उपक्रम काढला. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्याला पीस कोअरचा, म्हणजे अमेरिकन सरकारच्या परदेशी स्वयंसेवक योजनेचा, पूर्वज म्हटलं. १९६१ च्या ऑगस्टमध्ये पीस कोअरची पहिली तुकडी घानाला उतरली, ती शिक्षकांचीच. नव्या स्वतंत्र देशांना माध्यमिक शाळा झपाट्याने वाढवायच्या होत्या आणि पदवीधर शिक्षक नव्हते. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या सेवासंस्थेनेही, मेनोनाइट सेंट्रल कमिटीने, १९६२ मध्ये आफ्रिकेतल्या शाळांसाठी शिक्षक पाठवण्याची योजना आखली. वर्गातलं काम सारखंच, फरक एवढा की पीस कोअरच्या स्वयंसेवकाला धर्मप्रसाराची मनाई होती.

मेलबर्नच्या विद्यार्थ्यांनी १९५१ पासून चालवलेली योजना यात वेगळी पडते. इंडोनेशियात गेलेले ऑस्ट्रेलियन पदवीधर तिथल्या सरकारी नोकराच्या पगारावर राहत. परदेशी माणसाचा बंगला आणि स्थानिक शिक्षकाची खोली यांतलं अंतर मिशनमध्ये वर्षानुवर्षं बोचत आलं होतं. या मुलांनी ते निदान पगारापुरतं मिटवलं.

१९६० च्या दशकात कॅथलिक तरुणांचा ओघ लॅटिन अमेरिकेकडे वळला. रोमने उत्तर अमेरिकेतल्या धर्मसंघांना आपले दहा टक्के लोक तिकडे पाठवायला सांगितलं होतं. येणाऱ्यांना भाषा शिकवणारं केंद्र मेक्सिकोत क्वेर्नाव्हाका इथे चालवत होते इव्हान इलिच, स्वतः धर्मगुरू, आणि या साऱ्या ओघाचे सर्वांत कडवे विरोधकही. २० एप्रिल १९६८ रोजी अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांपुढे बोलताना त्यांनी आडपडदा ठेवला नाही. सहलीला या, डोंगर चढा, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांचा सूर होता. ज्यांच्याशी धड बोलताही येत नाही त्यांना तुम्ही काय देणार, हा प्रश्न त्यांनी त्या मुलांसमोरच ठेवला. इलिच जरा जास्तच कठोर होते असं मला वाटतं. पण भाषेच्या मुद्द्यावर त्यांना उत्तर देणं सोपं नाही. तीन वर्षांनी केनियाचे प्रेस्बिटेरियन नेते जॉन गाटू यांनी अमेरिकेतल्या एका सभेत मिशनरी आणि त्यांचा पैसा काही काळ पूर्ण थांबवावा असं सुचवलं. १९७४ मध्ये लुसाकाला जमलेल्या आफ्रिकन मंडळ्यांनी ती मागणी उचलून धरली. ओघ थांबला नाही. उलट विमानप्रवास स्वस्त होत गेला तशी मुदत आणखी आखडून आठवड्यांवर आली, आणि आठवड्यांत शाळा शिकवता येत नसल्याने शिबिरं आली.

जुन्या मिशन शाळांचा हिशेबही उशिरा का होईना मांडला गेला. कॅनडातल्या सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये अहवाल पूर्ण केला. मंडळ्यांनी सरकारसाठी चालवलेल्या निवासी शाळांत सुमारे १,५०,००० आदिवासी मुलं घरापासून तोडून ठेवली गेली होती, त्यांच्या भाषा बंद पाडल्या गेल्या होत्या, आणि तिथे शिकवणाऱ्यांत सेवाभावाने गेलेले तरुणही होतेच. आज अर्जासोबत पोलिसांचा दाखला आणि बालसंरक्षणाचं प्रशिक्षण मागितलं जातं, त्यामागे अशाच चौकश्यांतून बाहेर आलेल्या गोष्टी आहेत.

चीनचं दार मधल्या काळात बंद होतं. ते पुन्हा किलकिलं झाल्यावर १९८५ मध्ये चिनी बिशप टिंग यांच्या पुढाकाराने नानजिंगला अ‍ॅमिटी फाउंडेशन ही चिनी ख्रिस्ती लोकांची संस्था स्थापन झाली. परदेशी मंडळ्यांनी निवडलेले शिक्षक तिच्यामार्फत लहान शहरांतल्या अध्यापक महाविद्यालयांत जात आणि होऊ घातलेल्या इंग्रजी शिक्षकांना शिकवत. अट स्पष्ट होती: वर्गात प्रचार नाही. काही परदेशी संस्थांना ही अट पटली नाही आणि त्यांनी अ‍ॅमिटीला वगळून, निव्वळ इंग्रजीचे शिक्षक म्हणून आपली माणसं पाठवली. मनातला हेतू व्हिसाच्या अर्जावर न लिहिता जाणं प्रामाणिक आहे का, यावर ख्रिस्ती इंग्रजी-शिक्षकांमध्ये आजही दोन तट आहेत. १ जानेवारी २०१७ पासून चीनमध्ये परदेशी संस्थांना पोलीस खात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि त्यानंतर अशा संस्थांना काम करणं पूर्वीपेक्षा अवघड झालं आहे.